कालची भाजी

ओव्हनच्या काचेआड चीजवर बुडबुडे येत होते आणि मी स्वतःवर खूश होऊन ते बघत उभी होते. पास्ता आणि पांढऱ्या सॉसच्या मध्ये कालची उरलेली फ्लॉवरची भाजी दडवली होती, वर शिळ्या पोळ्यांचा चुरा भुरभुरला होता. शिळ्यालाही असं नवं रूप देता येतं, मग कंटाळवाण्या दिवसांनाही देता येत असेल, असलं काहीतरी छान छान माझ्या मनात चाललं होतं.

तेवढ्यात सासूबाई आल्या. फ्रिज उघडून त्यांनी सगळे कप्पे चाचपले.

"अगं, कालची भाजी दिसत नाही ती?"

"तीच तर घातलीय यात! पोळ्यासुद्धा. कुणाला कळणारही नाही, आई."

त्यांनी ओव्हनकडे पाहिलं. तक्रार नव्हती, नुसतंच विचारलं, "मग मी काय खाऊ?"

आमच्याकडे काही म्हणजे काही वाया जात नाही, असं मी मैत्रिणींना नेहमी ऐटीत सांगते. मग ते जातं कुठं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

"यातलंच खायचं, सगळ्यांबरोबर," मी कसंबसं म्हणाले.

"बघू. मुलांना पुरू दे आधी," असं म्हणून त्या मूठभर भात टाकायला तांदळाचा डबा शोधू लागल्या.

ओव्हनची घंटी वाजली. पोरं ओरडत टेबलाशी आली. मी घाईघाईनं ताटल्या मांडल्या आणि मग मोजल्या. चारच होत्या. घरात आम्ही पाच माणसं.