तिसऱ्यांदा आलेलं उत्तर

धर्मराज साबळे यांनी परदेशी शिक्षकांनी चालवलेला सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम इंटरनेटवरून केला, तो ज्ञानासाठी नव्हे. तसं ते स्वतःच सांगतात. "डॉक्टरला त्याच्याच भाषेत खोटं पाडायचं व्हतं."

डॉक्टर म्हणजे डॉ. बद्रीनाथ गाडेकर. १९९४ साली साबळे त्यांच्या हाताखाली धावड्याच्या आरोग्य केंद्रात आरोग्य सेवक होते. रसायनशास्त्रात बी. एस्सी. असून काम विहिरीत जंतुनाशक पावडर टाकण्याचं. पाण्याचे नमुने घेऊन हिंडत, म्हणून डॉक्टर त्यांना 'बाटली' म्हणत. "ए बाटली, इकडं ये." नाव त्यांनी कधी विचारलं नाही.

त्या जुलैत धावड्याजवळच्या चाळीस घरांच्या वस्तीवर जुलाबाची साथ आली. तीन जण गेले. त्यांत झुंबरबाईंची नऊ वर्षांची मुलगी होती. डॉक्टरांनी भर बैठकीत सांगितलं, की सेवकाने विहिरीत पावडरच टाकली नाही. साबळे निलंबित झाले. सेवापुस्तकात 'निष्काळजीपणा' हा शब्द चढला. चार महिन्यांनी कामावर घेतलं, ते घनसावंगीकडे. पुढे पोलिओचे डोस पाजायच्या मोहिमेत ते त्या वस्तीवर गेले, तेव्हा झुंबरबाईंनी पाण्याच्या घागरीवर लुगड्याचा पदर टाकला. "याच्या सावलीचं पाणी जनावराला बी पाजू नका." हे वाक्य त्यांच्या मागे दहा वर्षं राहिलं.

पावडर त्यांनी टाकली होती. पावडर चांगली असेल, तर दुसऱ्या दिवशी पाण्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायला हवं. ते झालं नाही. त्यांनी वहीत तीन वेळा तसं लिहिलं. ती वही नंतर सापडली नाही.

२००४ मध्ये त्यांनी अभ्यासक्रमाला नाव घातलं. रविवारी घनसावंगीहून जीपने यायचं आणि जुन्या जालन्यात कापड दुकानावरच्या गोपीकिशनच्या इंटरनेट केंद्रात सहा तास बसायचं. शेजारी शब्दकोश.

"साबळेजी, लोक इथं हिरोइन बघायला येतात," गोपीकिशन म्हणायचा. "तुम्ही जुलाब बघता."

"बघू द्या. बराबर काम करून राह्यलो."

दोन वर्षांत पदविका मिळाली. हुशार विद्यार्थ्यांना पुढे नव्यांची उत्तरं तपासायला मार्गदर्शक नेमत. २००७ मध्ये साबळे मार्गदर्शक झाले. विद्यार्थ्याला उत्तर तपासणाऱ्याचं नाव दिसत नसे. पदोन्नतीच्या वेळी अशी पदविका उपयोगी पडते, हे जिल्ह्यात बोललं जात होतंच. साबळेंनी अभ्यासक्रमाची माहिती छापून घेतली आणि जिल्हा बैठकीच्या सभागृहाबाहेर, अधिकारी चहाला थांबतात त्या भिंतीवर चिकटवली. तीन महिन्यांनी विद्यार्थ्यांच्या यादीत गाडेकरांचं नाव आलं. ओळखीचा विद्यार्थी असेल तर कळवावं, असा नियम होता. साबळेंनी कळवलं नाही.

प्रश्न त्यांनीच काढला: तुम्ही स्वतः निर्णय घेतलेल्या एका साथीचा अहवाल लिहा.

गाडेकरांनी धावड्याजवळचीच साथ लिहिली. कारण: कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा. साबळेंनी उत्तर परत केलं. पावडर कधी आली, गोणी कधी उघडली, पाण्याच्या चाचणीची नोंद कुठे आहे? दुसऱ्यांदा गोलमोल उत्तर आलं. तेही परत. सोबत एक ओळ: 'स्वतःच्या चुकीचं प्रामाणिक विश्लेषण केल्यास गुण मिळतात.'

पदोन्नतीची बैठक जवळ आली होती. तपासणारा विलायतेतला कुणी असेल, असं डॉक्टरांनी धरलं असावं. तिसरं उत्तर सरळ होतं. 'गोणी मार्चमध्येच फुटली होती. हवा लागून पावडर निकामी झाल्याचं कर्मचाऱ्याने तीन वेळा नोंदवलं. नवा साठा मागवला असता, तर जुना वाया गेल्याचा खुलासा द्यावा लागला असता. प्रशासकीय सोयीसाठी जबाबदारी कर्मचाऱ्यावर निश्चित करण्यात आली.'

साबळेंनी शंभरपैकी एकाहत्तर गुण दिले. "उत्तर बरोबर व्हतं," ते म्हणतात.

मग दोन प्रती काढल्या. एक तक्रार अर्जासोबत जिल्हा कार्यालयात दिली. विद्यार्थ्याचं उत्तर बाहेर फोडलं म्हणून अभ्यासक्रमाने त्यांना काढलं. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. गाडेकरांचं नाव पदोन्नतीच्या यादीतून गेलं आणि चौकशी लागली.

दुसरी प्रत घेऊन ते वस्तीवर गेले. झुंबरबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. त्यांनी 'बस' म्हटलं नाही. साबळेंनी उभ्यानेच मराठी करून वाचून दाखवलं.

"म्हंजी पावडर मेलेली हाये, हे तुला म्हाईत व्हतं," बाई म्हणाल्या.

"तीनदा लिव्हलं व्हतं, बाई."

"वहीत?"

"हो."

"मला वाचता येत न्हाई. तोंडानं का न्हाई सांगितलं? तुला पानी भरताना रोज दिसत व्हते ना मी?"

साबळेंनी कागदाची घडी घातली. बाईंनी हात पुढे केला. "कागद हितं ठिव."

२००९ च्या ऑगस्टमध्ये चौकशी अधिकाऱ्यांपुढे झुंबरबाई तोच कागद घेऊन आल्या. घडी पदराच्या गाठीत बांधलेली होती. गाडेकर समोर बसले होते, साबळे बाजूला. बाईंनी गाडेकरांकडे बोट दाखवून दोषी म्हणून नाव सांगितलं. लेखनिकाने ते लिहून घेतलं.

"आनखी एक लिव्हा," त्या म्हणाल्या. "धर्मराज साबळे. याला म्हाईत व्हतं."

अधिकाऱ्यांनी साबळेंना विचारलं, यावर काही म्हणायचं आहे का.

"बरोबर आहे," साबळे म्हणाले, आणि बाईंच्या जबाबाखाली सही केली.