कमलबाईनं मिसरी सोडली

लिंबायतच्या त्या गल्लीत सकाळी तंबाखू भाजल्याचा उग्र वास सुटला, की बायका ओळखायच्या, कमलबाईनं तवा चढवला. मग आपापल्या डब्या घेऊन एकेक जण तिच्या दारात यायची. ती तंबाखूची पानं काळी पडेपर्यंत भाजायची, कुटायची, फडक्यातून चाळायची. कमलबाईच्या हातची मिसरी काजळासारखी मऊ.

अमळनेरकडून लग्न होऊन ती सुरतेला आली, तेव्हा तिची दाढ ठणकत होती. सासूनं चिमूटभर मिसरी बोटावर दिली. दाढ पुढं पडून गेली, मिसरी मात्र राहिली. उठल्यावर लावायची, जेवल्यावर लावायची, साड्यांना लेस लावून पाठ भरून आली की पुन्हा लावायची. नवरा धुडकू लूमच्या कारखान्यात कामाला. तो तळहातावर तंबाखू मळायला लागला, की हीच त्याच्यावर ओरडायची.

"आणि तुझी डबी?" तो विचारायचा.

"मी काय खाते का? मी दात घासते!"

हे ती नुसतं त्याचं तोंड बंद करायला म्हणत नव्हती. तिला खरंच तसं वाटायचं.

तिच्या तोंडात काहीतरी बिघडलंय हे पहिल्यांदा सुनेनं ओळखलं. वैशाली रोज ठेचा वाटायची आणि सासू तो बाजूला सारून वरणात भाकरी कुस्करून मुकाट्यानं गिळायची. गल्लीतल्या देवळाच्या मांडवात तोंड तपासायचं शिबिर लागलं, तेव्हा वैशालीनं तिला हाताला धरून नेलं. नर्सबाईंनी बॅटरी मारून खालचा ओठ उलटा केला. हिरडीजवळ पांढरा चट्टा होता.

"मिसरी लावता ना? मोठ्या दवाखान्यात जा. तुकडा काढून तपासावा लागेल."

तुकडा काढला. उत्तर येईपर्यंत कमलबाई घरात वेगळंच वागू लागली. कळणाचं पीठ दळताना ज्वारीत उडीद किती घालायचा, बिबड्यांचे पापड कुठल्या उन्हात वाळवायचे, कुणाकडचं लग्न चुकवायचं नाही, हे ती वैशालीला बसवून सांगू लागली. वैशाली मान डोलवत ऐकत होती. मग एकदम तिच्या ध्यानात आलं, की सासू निरोप घेतेय.

"आई, हे मला आत्ताच कशाला सांगताय?" ती रडवेली होऊन म्हणाली.

कमलबाई उठून मोरीत गेली आणि तिचं बोट आपसूक डबीत गेलं. ज्यानं जीव जाईल म्हणून भीती वाटत होती, तेच भीती घालवायला लागत होतं. त्याचा तिला स्वतःचाच राग आला, तरी तिनं मिसरी लावलीच.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या, गुजराती. त्यांनी आधी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "माजी, कॅन्सर नथी."

कानांवर विश्वास न बसून कमलबाईनं वैशालीकडं पाहिलं. "काय म्हणतात?"

"नाही म्हणतात, आई. कॅन्सर नाही!"

 तिथल्या बाकड्यावर बसून कमलबाई पदरात तोंड घालून ढसाढसा रडली. डॉक्टरीणबाईंनी तिला रडू दिलं. मग मोडक्यातोडक्या मराठीत त्यांनी स्पष्ट सांगितलं, की हा चट्टा म्हणजे इशारा आहे. मिसरी ही तंबाखूच. खाल्ली काय नि घासली काय, तोंडाला सारखीच. ती चालू ठेवली तर पुढं कॅन्सर होऊ शकतो.

"थोडी थोडी कमी केली तर?"

"नाही माजी. आजपासून बंद. त्रास होईल, तेव्हा इकडे या. सोडायला मदत करणाऱ्या बाई बसतात इथं."

त्रास झालाच. डोकं ठणकायचं. भांडं पडलं तरी ती भांडायला उठायची. सगळ्यात वाईट म्हणजे सकाळी पोट साफ होईना. मिसरी लावल्याशिवाय पोट हलायची सवयच उरली नव्हती. "तुझ्यापेक्षा ती डबी बरी होती," धुडकू म्हणाला, आणि लगेच जीभ चावून चहा करायला उठला. दवाखान्यातल्या बाईंकडं ती पुनःपुन्हा गेली. सकाळी कोमट पाणी, तल्लफ आली की तोंडात बडीशेप, हाताला काहीतरी काम. मधे एकदा चुकली, शेजारणीच्या डबीतून बोटभर लावली आणि दुसऱ्याच दिवशी बाईंपुढं जाऊन कबुली दिली. त्या रागावल्या नाहीत. "आजपासून पुन्हा," एवढंच म्हणाल्या. हळूहळू चट्टा फिका पडला. एके दुपारी तिनं भाकरीवर ठेचा मागून घेतला, तेव्हा वैशाली तिच्या तोंडाकडं बघतच राहिली.

धुडकूनं तंबाखू सोडली असं नाही. पण आता तो घरात मळत नाही, आणि खिशात तोही बडीशेप ठेवतो.

गल्लीची गोष्ट अवघड होती. पार्वती, तिची जुनी शेजारीण, रिकामी डबी घेऊन आली. "भाज ना व माय, संपी गयी."

"नाही भाजणार. तुलाही देणार नाही."

"स्वतःचं झालं, आता आम्हाला शिकवते!" पार्वती तरातरा निघून गेली. तिनं बाजारातली मिसरी आणली आणि बोलणंच टाकलं. कमलबाईला लागलं ते. पण ती बधली नाही. हळदीकुंकवाला जावो की नळावर, ती स्वतःचा ओठ उलटा करून दाखवायची. "बघा. इथं होतं. माझ्या हातची मिसरी होती ती, तुम्हीही तीच लावलीय. दाखवून या एकदा." काही हसल्या, काही मुकाट्यानं जाऊन आल्या.

एका सकाळी दारात पार्वती उभी. पदर तोंडावर.

"गालाले आतून काहीतरी लागस," ती म्हणाली. "माले भ्याव वाटस व."

कमलबाईनं हातातली साडी तशीच खाली ठेवली, पायात चपला सरकवल्या.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून सगळीकडं नीट पाहिलं. किडक्या दाढेची कोर गालाला घासत होती, बाकी काही नव्हतं. दाढ काढायची, आणि मिसरी बंद.

बाहेर आल्यावर पार्वतीनं एवढा मोठा श्वास सोडला, की जाणाऱ्या एका बाईनं वळून पाहिलं. दोघी हसत सुटल्या. शेअर रिक्षात दाटीवाटीनं बसल्यावर पार्वतीचं साठलेलं बोलणं सुरू झालं: तिची सून, नळाचं पाणी, तिचा भाऊ, सगळं. उधना दरवाजा मागं पडला तरी ती बोलतच होती. मधेच थांबून हळूच म्हणाली, "आणि सकाळचं कसं करतेस गं? पोटाचं?"

"सांगते ना," कमलबाई म्हणाली, "घरी चल, पाणी तापायला ठेवू."