मामाची बायको

"आधी टोक सापडू द्या," असं म्हणत ते अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासायचे. समोर बिघडलेला पंखा असो, गळका नळ असो, नाहीतर पोरांचं भांडण असो, बोटं तशीच फिरायची. उभा जन्म टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग दुरुस्त करण्यात गेला होता. तुटलेल्या धाग्याचं टोक शोधायची ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. असा एखादा माणूस तुमच्याही शेजारी असेल.

मी त्यांचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. मूळचा नातेपुत्याचा, सोलापुरात शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. मी त्यांना मालक म्हणायचो आणि ते त्यांना अजिबात खपायचं नाही. "मालक कारखान्यात असतो वो सर. आमी जॉबर, माग दुरुस्त करनारे."

एका रविवारी ते लॅपटॉप दोन्ही हातांत ताटासारखा धरून वर आले. काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, विसराळूपणा वाढत चालला होता. चहात मीठ पडायचं, समोरची शेजारीण ओळखू यायची नाही. घरच्यांचे फोटो दाखवत जा, नावं घेत जा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून पुण्याच्या मुलाने वंशावळीचं सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं.

"तिला सगळी माणसं एका जागी दाखवायची हायेत. मी तरी तिच्या ध्यानात राहिलो पायजे की," ते म्हणाले.

सॉफ्टवेअर सांगत होतं, स्वतःपासून सुरुवात करा. हे त्यांना पटेना. "मोठी माणसं उभी असताना मी कसा बसू वो?" मग आधी आईवडिलांच्या चौकटी झाल्या, नंतर थोरल्या अक्काची, आणि शेवटी ते स्वतः बसले. एकेक अक्षर शोधून नाव उमटलं की "व्हय की!" म्हणून मलाच शाबासकी द्यायचे.

पुढच्या रविवारी गाडी अडली. "हे बिघडलंय सर. घरात बायको एक, हितं दोन."

काकू खरोखरच दोनदा होत्या. एक चौकट यांच्या शेजारी, बायको म्हणून. दुसरी अक्काच्या खाली, मुलगी म्हणून. मी म्हटलं, "काकू अक्काच्या खाली कशा आल्या?"

"अक्काचीच पोरगी की ती. माझी भाची."

मी हादरलोच. आमच्याकडे मामाची मुलगी करतात, पण खुद्द मामाच नवरा? माझं तोंड बघून ते पोट धरून हसले. "आमच्या तेलुगू लोकांत चालतंय वो. अक्का सगळ्यात थोरली, मी शेंडेफळ. मी आन ही बरोबरीनंच वाढलो. तिला स्थळं लई आली, पण तिनंच सांगितलं, परक्या घरी जायाचं न्हाय, मामाच बरा."

काकू त्यांना अजूनही मामाच म्हणायच्या. मी इतकी वर्षं ते टोपणनाव समजत होतो.

चूक नवशिक्याची होती. बायको जोडताना आधीची चौकट निवडायची सोडून त्यांनी नवं माणूस तयार केलं होतं. दोन्ही चौकटी एक करता येतात, असं मी सांगितलं. पण त्यांना धीर नव्हता. फोटो लागले होते, आधी तिला दाखवू म्हणाले. अक्काच्या खालच्या चौकटीत दोन वेण्यांची मुलगी होती आणि वर यांच्या शेजारच्या चौकटीत पिकल्या केसांची बाई.

आम्ही खाली जाऊन काकूंसमोर लॅपटॉप ठेवला. दोघं तेलुगूतच बोलायची, एव्हाना मला ते कळू लागलं होतं. काकूंनी खालच्या फोटोवर बोट ठेवलं. "ही मी." यांचा चेहरा फुलला. मग बोट वर गेलं आणि तिथेच थांबलं.

"ही कोण?"

"तूच सांग की."

"मामाची बायको दिसते." आणि त्या एकदम रुसल्या. "मामा, तू लग्न केलंस? मला बोलावलं पण नाहीस!"

मला यांच्याकडे बघवेना. खाली बघितलं तर त्यांची बोटं फिरत होती, टोक काही सापडत नव्हतं. मग ते म्हणाले, "बोलावलं होतं की. तूच तर सगळ्यांत पुढे होतीस."

चौकटी एक करायला मी माउस धरला, तर त्यांनी माझा हात दाबला. "राहू द्या सर. खालची मला वळखती की अजून."

त्यानंतर रोज संध्याकाळी लॅपटॉप उघडायचा. काकू वरच्या फोटोची चौकशी करायच्या. हिला स्वयंपाक येतो का, मामाला नीट बघते का, की नुसती कटकट करते? ते सांगायचे, "फार चांगली आहे गं."

गेल्या थंडीत ते झोपेतच गेले. आदल्या दिवशी माझ्या स्कूटरचं चाक बदलून देणारा माणूस. खाली जाऊन बघितलं तरी मला खरं वाटेना. मुलगा आला. काकूंना सांगायची कुणाची हिंमत होईना. शेवटी त्यांना कळावं म्हणून त्यानेच सांगितलं, "आई, मामा गेला."

त्या खूप रडल्या, मामासाठी भाची रडते तशा. लॅपटॉप समोर उघडाच होता. डोळे पुसून त्यांनी वरच्या चौकटीवर बोट ठेवलं आणि घाबऱ्याघुबऱ्या होऊन आमच्याकडे बघितलं.

"हिला कुणी सांगितलं का?"