गार्सियांच्या गावचा पोस्टमन

स्पेनमधल्या नावाकोर्सा गावात टपालाच्या एकशे बारा पेट्या होत्या आणि त्यांतल्या एक्याण्णव पेट्यांवर गार्सिया लिहिलेलं होतं. ओनेसिमो एकतीस वर्षं त्या पेट्यांत पत्रं टाकत होता आणि एकतीस वर्षं मनातल्या मनात चरफडत होता. तिकडे बापाचं एक आणि आईचं एक अशी दोन आडनावं माणसाला मिळतात. ओनेसिमोला दोन्हीकडून एकच मिळालं. ओनेसिमो गार्सिया गार्सिया.

गावाचं यामुळे काही अडत नसे. घराघराला टोपणनाव होतं. कुणी चिमटे, कुणी ओलेकान. ओनेसिमोचं घर रातकिड्यांचं. पण वीजवाले, बँकवाले, माद्रिदचे कारकून, यांना रातकिडे काय ठाऊक? ते लिहायचे 'मारिया गार्सिया' आणि मोकळे व्हायचे. मग कोणत्या मारियाला साखरेचा आजार, कोणत्या मारियाचा मुलगा जर्मनीत, कोणत्या मारियाचा शेताच्या बांधावरून खटला, हे सगळं ओनेसिमोला डोक्यात ठेवावं लागे. पण एकतीस वर्षांत एकही पत्र चुकीच्या दारात पडलं नाही. एवढीच त्याची ऐट होती.

त्यात आणखी एक भर. त्याच्या आतेभावाचं नावही ओनेसिमो गार्सिया गार्सियाच. आजोबा वारले त्या वर्षी दोन्ही घरांत मुलगे झाले आणि आजोबांचं नाव दोघांनीही उचललं. लष्करी सेवेत असताना चिमट्यांच्या ओनेसिमोने, म्हणजे या आतेभावाने, सार्जंटला शिवी घातली आणि पंधरा दिवस कोठडीत बसला तो रातकिड्यांचा ओनेसिमो. आतेभाऊ अजूनही दारूच्या गुत्त्यात ही गोष्ट हसत हसत सांगे. ओनेसिमो कधी हसला नाही.

डोंगरउतारावरच्या पायऱ्या चढून चढून त्याचा उजवा गुडघा गेला. शस्त्रक्रियेसाठी नंबर लावून त्याने चौदा महिने वाट पाहिली. ऑगस्टात बहिणीच्या आग्रहाने तो आठ दिवस समुद्रावर गेला. मागे बदलीवर आलेल्या पोस्टमनने त्याचं इस्पितळाचं पत्र टाकलं आतेभावाच्या पेटीत. परत आल्यावर पंधरा दिवसांनी ओनेसिमोने इस्पितळात फोन लावला, तेव्हा कळलं, तारीख होऊन गेली. माणूस आला नाही म्हणून नाव यादीच्या तळाला.

तो तसाच लंगडत आतेभावाच्या घरी गेला. आतेभाऊ घेवड्याच्या शेंगा सोलत बसला होता.

"इस्पितळाचं पत्र आलं होतं का रे तुला?"

"आलं होतं की. गुडघ्याचं. मी म्हटलं, माझा गुडघा तर ठणठणीत आहे, उगाच कशाला कापून घ्या?"

"अरे, मग माझं असेल असं नाही वाटलं तुला?"

"नाव माझं होतं," आतेभाऊ म्हणाला. "आणि पत्र चुकवत नाहीस ना तू कधी?"

 घरी येऊन ओनेसिमोने टपालाची पिशवी कोपऱ्यात भिरकावली. दुसऱ्या दिवशी सुटी टाकली आणि तालुक्याच्या गावी नोंदणी कचेरीत जाऊन उभा राहिला.

"आडनाव बदलायचंय," तो म्हणाला.

कारकून बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कोणतं लावायचंय?"

"कोणतंही. गार्सिया सोडून."

"असं हवेतलं नाही चालत. तुमच्या रक्तातलं हवं. आजी, पणजी, कुणाचं तरी. कागद आणा, मग बघू." आणि मग त्या जरा मऊ होऊन म्हणाल्या, "मीसुद्धा गार्सियाच हो. देशात चौदा-पंधरा लाख आहोत आपण."

"तुमचा गुडघा शाबूत आहे, म्हणून सुचतंय तुम्हाला," ओनेसिमो म्हणाला.

चर्चच्या जन्म-लग्नांच्या जुन्या वह्या फादर आबिलिओ या म्हाताऱ्या पाद्र्यांकडे होत्या. ओनेसिमो रोज दुपारी त्यांच्या थंडगार खोलीत जाऊन बसू लागला. बापाकडून गार्सिया. बापाच्या आईकडून गार्सिया. पणजोबांनी चुलतबहिणीशी लग्न केलेलं, धर्मगुरूंची खास परवानगी काढून. म्हणजे तिथेही गार्सियाच. आठवड्याने एका पानावर 'इस्किएर्दो' दिसलं तेव्हा तो खुर्चीतून उठलाच. फादर आबिलिओंनी भिंग लावून वाचलं.

"बाळा, हा तुझा पूर्वज नाही. बाप्तिस्म्याला बाळ हातात धरणारा माणूस आहे हा."

ओनेसिमोने वही मिटली. "या आडनावाचा अर्थ तरी काय आहे? लोहार असतात, सुतार असतात. आम्ही कोण?"

"कुणालाच नीट ठाऊक नाही. फार जुनं नाव आहे. आधी माणसाचं नाव होतं, मग घराण्याचं झालं. बहुतेक उत्तरेकडच्या बास्क लोकांकडून आलं. कुणी म्हणतं त्याचा अर्थ अस्वल, कुणी म्हणतं तरुण."

"म्हणजे एवढ्या लाख लोकांना आपण अस्वल की पोर, हेच माहीत नाही. वा!"

"चिडू नकोस. आईकडची बाजू राहिलीय अजून."

आईकडच्या बाजूला एकोणीसशे चोवीसची लग्नाची नोंद निघाली. आजी बासिलिसाची. बासिलिसा गार्सिया, पण आई-बापाच्या जागी लिहिलं होतं, 'अज्ञात'. आणि बाजूच्या समासात बारीक अक्षरांत, 'पूर्वीचं आडनाव एस्पोसितो, न्यायाधीशांच्या हुकमाने बदललेलं'.

एस्पोसितो म्हणजे टाकलेलं मूल. अनाथालयाच्या दारातल्या फिरत्या लाकडी कप्प्यात रात्री ठेवून दिलेल्या पोरांना हे आडनाव चिकटायचं. ओनेसिमोने त्या समासावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मांडीवर शेंगा घेऊन सोलणारी, भाजलेली मिरची घालून बटाटे करणारी आजी, तिच्याबद्दल हे कधी कुणी त्याला सांगितलं नव्हतं. पण त्यापाठोपाठ दुसरा विचारही आला. आडनाव मिळालं! रक्तातलं. कागदावरचं.

संध्याकाळी त्याने थोरल्या बहिणीला, फेलिसाला, सांगितलं. ती सूप ढवळत होती. तिचा डाव थांबला.

"तुला ठाऊक होतं?" ओनेसिमोने विचारलं.

"आजीनेच सांगितलं होतं. मी बारा वर्षांची होते."

"आणि मला अठ्ठावन्न वर्षांत कुणी सांगितलं नाही!"

"तू पोस्टमन. तुला सांगितलं असतं तर ते घरोघर गेलं असतं."

"मी ते नाव लावणार आहे, फेलिसा. एस्पोसितो. गावात दुसरा नाही, तालुक्यात नाही. पत्र बरोबर माझ्याच दारात पडेल."

फेलिसाने गॅस बंद केला. "गप्प बस आणि ऐक. शाळेत पोरं तिला 'कप्प्यातली' म्हणायची. दुकानात, विहिरीवर, कुठेही आडनाव विचारलं की तिची मान खाली. नवा कायदा आला, आता हे नाव फुकट बदलून मिळतं, असं ऐकलं आणि ती पायी निघाली. अठरा किलोमीटर, बर्फात. न्यायाधीशाने विचारलं, कोणतं हवं? कुठलंही सुरेख नाव मागता आलं असतं तिला. ती म्हणाली, गावात सगळ्यांचं आहे ते द्या. मी ओळखू येऊ नये."

ओनेसिमोने खुर्ची ओढून घेतली.

"आणि तुला ओळखू यायचंय!" फेलिसा म्हणाली. "लाव, खुशाल लाव. पण या घरात त्या नावाचं पत्र आलं तर चुलीत घालीन."

"तिला लपायला मिळालं. माझं काय? माझा गुडघा, फेलिसा!"

"गुडघ्यासाठी आजीला परत त्या कप्प्यात ठेवू नकोस."

त्या रागात दोघं आठवडाभर बोलली नाहीत. आडनाव बदलण्याचा अर्ज ओनेसिमोने भरून ठेवला होता. सही तेवढी राहिली होती. ओनेसिमो रोज तो कागद काढायचा, पेन उचलायचा, एस्पोसितो हा शब्द मोठ्याने म्हणून पाहायचा आणि परत ठेवायचा. एकदा तर तो कचेरीच्या दारापर्यंत गेला आणि आत न जाता परतीच्या बसमध्ये बसला. सबंध वाट तो आजीवर चिडला, फेलिसावर चिडला, आणि सही न करणाऱ्या स्वतःच्या हातावर सर्वांत जास्त चिडला.

गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढच्या वर्षी झाली, पण गुण आला अर्धवटच. पाय पुरता वाकेना. पायऱ्या तो बाजूने, खेकड्यासारखा उतरू लागला. अर्जाची मुदत कधीच संपून गेली.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला सगळं गाव फुलं घेऊन कबरस्तानात जातं. फेलिसा बादली-ब्रश घेऊन पुढे गेली होती. ओनेसिमो मागून शेवंतीची कुंडी घेऊन आला आणि दगडांच्या रांगांत फिरत राहिला. गार्सिया, गार्सिया, गार्सिया. दोन बासिलिसा गार्सिया होत्या आणि दोन्ही दगडांवरचे आकडे शेवाळाने झाकलेले. चुकीच्या बासिलिसापुढे कुंडी ठेवून तो क्रुसाची खूण करायला लागला, तेव्हा फेलिसाने लांबून हाक मारली.

"तिकडे कुठे? इकडे!"

तो लंगडत गेला. दगडाकडे बघून म्हणाला, "आजी, एवढी बर्फातून चालत गेलीस, आणि आणलंस काय तर हे आडनाव!"

"बडबड पुरे," फेलिसा म्हणाली आणि त्याच्या हातात ब्रश दिला. वाकता येत नव्हतं, म्हणून तो एक पाय लांब पसरून खाली बसला आणि दगड घासू लागला. पाणी गार होतं. अक्षरांतलं शेवाळ काही लवकर निघेना.