फोटोवाल्या काकांची रजा

फोटोवाले काका म्हणजे स्टुडिओवाले नव्हेत. ते दवाखान्याच्या तळमजल्यावर एक्स-रे काढतात. या फोटोसाठी कुणी केस विंचरून येत नाही. जोडीदार नोकरी सोडून गेल्यापासून दोघांचं काम ते एकटेच ओढत होते. रजा मागितली की मोठे डॉक्टर म्हणत, "बदली माणूस मिळू द्या, लगेच जा." माणूस मिळत नव्हता, कारण कुणी शोधत नव्हतं.

दिवसभर काचेमागून काकांचं बोलणं ठरलेलं. "श्वास घ्या, रोखून धरा." मग बटण. मग "सोडा." घरी तेवढंही नाही. बायको म्हणे, "अहो, भिंतीशी लग्न केलं असतं तर निदान खिळा तरी ठोकता आला असता."

एका सकाळी एक निवृत्त कारकून छातीच्या फोटोला उभे राहिले. काकांनी श्वास रोखायला सांगितला, बटण दाबलं आणि नुसते बसून राहिले. कारकुनांनी जन्मभर वरिष्ठांच्या हुकमाबाहेर काही केलं नव्हतं. ते लाल झाले, जांभळे झाले आणि तिथेच कोसळले.

ते शुद्धीवर आल्यावर सोबत आलेली त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा, श्वास सोडायचा ना."

"अगं, त्यांनी सांगितलंच नाही."

मोठ्या डॉक्टरांनी काकांना बोलावलं. "डोळा लागला होता का?"

"नाही साहेब. ते लाल होताना दिसत होते मला. काही वाटलं नाही, एवढंच. आता तरी रजा द्या, नाहीतर एखादा जायचा माझ्या हातून."

डॉक्टर हादरले, हे कबूल केलं पाहिजे. लगेच उपाय झाला. काचेपलीकडे स्पीकर बसला. बटण दाबलं की सगळं तोच बोलतो, आणि 'सोडा' म्हणायला विसरत नाही. आवाज काकांचाच. रेकॉर्डिंग करताना "जरा आपुलकीनं" म्हणून त्यांना सारखं थांबवलं गेलं.

काका पुन्हा रजेचं विचारायला गेले, तेव्हा डॉक्टरांना मनापासून नवल वाटलं. "आता कशाला? धोका तर टळला." शिवाय बोलण्याचा वेळ वाचला म्हणून शेजारच्या खोलीतलं मशीनही त्यांच्याच गळ्यात पडलं.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. टोमणा मारला नाही. "उद्यापासून जाऊ नका."

"मग काय करू?"

"काही करू नका."

काकांनी बराच वेळ विचार केला. काही न करणं म्हणजे नेमकं काय करतात, ते त्यांना आठवेना. सकाळी ते वेळेवर कामावर गेले.