ट्रायलचा कोट

आमच्या ह्यांनी पन्नास वर्षं शिंपीकाम केलं, पण माप कधी वहीत लिहिलं नाही. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत खांदा, छाती, बाही सगळं नजरेनं टिपलेलं असायचं. "वही हरवते, डोकं कुठे जातंय?" असं ऐटीत म्हणायचे. घ्या आता!

आधी एका वकिलाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. मग एकच कापड दोनदा कापलं गेलं. शेवटी मीच भांडून दुकान बंद करायला लावलं. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दाखवला. दोन्ही कानांच्या आत, खोलवर, करंगळीएवढा एकेक भाग असतो म्हणे. नवी आठवण तिथे धरून ठेवली जाते, आणि ह्यांचा तो भाग सुकत चाललाय. जुनं बरेच दिवस टिकेल, नवं राहणार नाही. त्यावर हे म्हणाले, "म्हणजे कच्चा टाकाच पडत नाही म्हणा ना! पक्की शिलाई मारणार कशावर?" डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

त्याच वर्षी आमचा लेक गेला. कामावर जाताना ट्रकनं उडवलं. ह्यांनी शिवायला घेतलेला शेवटचा कोट त्याच्याच लग्नाचा होता, ट्रायलपर्यंत आलेला, पांढऱ्या कच्च्या दोऱ्यानं जोडलेला.

तो गेलाय हे ह्यांच्या डोक्यात राहीना. "ट्रायलला कधी येतोय तो?" मी खरं सांगितलं. चार वेळा सांगितलं, आणि चारही वेळा हा माणूस पहिल्यांदाच ऐकल्यासारखा ऊर बडवून रडला. अर्ध्या तासानं पुन्हा तेच. पाचव्या वेळी माझी जीभच उचलेना. "पुढच्या आठवड्यात," म्हटलं. जन्मभर ह्यांनी गिऱ्हाइकांना मारलेली थाप मी ह्यांनाच मारली.

कोट मी कपाटात कुलूप लावून ठेवला होता. लेकाचे बाकीचे कपडे देऊन टाकले होते, आणि माप तर कुठे लिहिलेलंच नव्हतं. त्याचे खांदे केवढे होते, हे आता त्या कोटालाच ठाऊक. मी कधीमधी त्यात हात घालून बघायची.

परवा ह्यांनी सकाळपासून अन्नाला हात लावला नाही. "पोरगा रागावलाय माझ्यावर, म्हणून येत नाही." शेवटी वैतागून मी कोट काढला, अंगावर चढवला आणि ह्यांच्यासमोर उभी राहिले. "घ्या, आलाय!"

अगं बाई, काय तो चेहरा उजळला! ह्यांनी खडू घेतला, टाचण्या तोंडात धरल्या. "सरळ उभा राहा. आईसारखा पोक काढू नकोस." मी ताठ झाले. बोटं पाठीवरून फिरत होती. "बारीक झालास रे," म्हणाले, आणि ताटभर जेवले. मला इतकं बरं वाटलं की कोट टेबलावर टाकून मी भांडी घासायला गेले.

परत येते तर कोट ह्यांच्या मांडीवर. पांढरे दोरे उसवलेले, खांद्यांच्या आणि बाह्यांच्या कापडाच्या पट्ट्या कापून जमिनीवर पडलेल्या.

"अहो, काय केलंत हे!" मी किंचाळले.

"माप मोठं धरलं होतं मी," हे शांतपणे म्हणाले. "आता बसेल बरोबर."

संध्याकाळपर्यंत शिवत बसले. हात जराही चुकला नाही. मग कोट माझ्या अंगावर चढवला. तंतोतंत बसला.

"छान दिसतोय गं तुला," हे म्हणाले. "आता पोराला बोलव. त्याचं माप घ्यायचं राहिलंय."