चौथीच्या वर्गातले म्हातारे

लव्हिनिया मझीक गप्प बसली आहे, हे दृश्य गावात फारसं कोणी पाहिलेलं नाही. रविवारी पाद्रीबाबांचं प्रवचन लांबलं, की पुढच्या रांगेतून तिचं "बरं, मग पुढे?" ठरलेलं. तिचा नवरा गेला तेव्हा टवाळ म्हणाले, बिचाऱ्याला आता वर तरी दोन शब्द बोलायला मिळतील. हे तिच्या कानावर गेलं, आणि सगळ्यांत जास्त तीच हसली.

जन्मभर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली ही बाई दर उन्हाळ्यात चर्चच्या हॉलमध्ये शिक्षकांचं शिबिर भरवते. विषय एकच: गुलामगिरीचा इतिहास मुलांना खरा कसा सांगायचा. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या चार्ल्सटन शहराच्या अलीकडच्या गावांतून मास्तर-मास्तरणी येतात. काही मनापासून येतात, काही मुख्याध्यापकांनी ढकललेले येतात, आणि एकदोघं निव्वळ चर्चमधल्या मिस आर्लेथाच्या हातच्या टोमॅटोच्या लाल भातासाठी येतात. त्यांची नावं घेत नाही, पण गावाला ठाऊक आहेत.

आठवडाभर लव्हिनिया बोलते आणि ते ऐकतात. शेवटच्या दिवशी उलटं. प्रत्येकाने एक धडा शिकवून दाखवायचा, आणि समोर विद्यार्थी म्हणून बसतात चर्चमधली म्हातारी माणसं. ज्यांच्या पणज्या-खापरपणज्या याच नदीकाठी विकत घेतल्या आणि विकल्या गेल्या, ती माणसं. बालवर्गाच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसायचं आणि चौथीतल्या पोरांसारखं वागायचं, एवढंच त्यांचं काम. ते काम ही मंडळी इतक्या हौसेने करतात की विचारू नका. निवृत्त पोस्टमन कागदाचे बाण सोडतो. मिस आर्लेथा शेजारणीची चुगली करते. चर्चचा कारभार बघणारे डीकन अ‍ॅम्ब्रोज दर पाच मिनिटांनी बोट वर करून लघवीला जाऊ का विचारतात. त्यातलं नाटक किती आणि खरं किती, हे त्यांनाच माहीत.

आणखी एक नियम आहे, लव्हिनियाने स्वतःच घातलेला. धडा चालू असताना तिने एक अक्षर बोलायचं नाही. "वर्गात मी येणार नाहीये तुमच्या मदतीला," असं ती सगळ्यांना बजावते आणि पेपरमिंटची गोळी तोंडात टाकून मागे जाऊन बसते.

या वर्षी मात्र हा नियम तिच्या गळ्याशी आला.

कारण ब्रिजेट हाउजर. डोंगराकडून आलेली तरुण गोरी शिक्षिका, इतकी उत्साही की दार उघडतानासुद्धा उडी मारायची. ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाली, की लव्हिनियाची नात निओमी हिच्याच वर्गात जाणार होती. आणि निओमीच्या मोठ्या भावाचं, कॉर्डेलचं, काय झालं ते घरात कोणी विसरलं नव्हतं. त्याच्या बाईंनी, अगदी चांगल्या मनाने, वर्गात खेळ घेतला होता: तुम्ही मालक, तुम्ही गुलाम. पोरगं घरी आलं, जेवलं नाही, बोललं नाही. तेव्हापासून इतिहासाच्या तासाला त्याच्या पोटात दुखतं.

म्हणून लव्हिनियाची मुलगी रोशेल सकाळीच म्हणाली होती, "मम्मा, त्या नव्या बाईचा धडा तू बघ आणि मला सांग. जमत नसेल तर निओमीला मी तिच्या बापाकडे पाठवते अटलांटाला. शाळा तिकडेच."

"अगं, एवढ्या लांब?"

"लांबच. दुसरं पोर मी असं घरी आलेलं बघणार नाही."

निओमी जन्मल्यापासून आजीच्या खोलीत झोपते. आजीच्या गोष्टी ऐकत ऐकत झोपी जाणारं गावात तेवढं एकच माणूस.

ब्रिजेटची पाळी आली. ती निळी चिकटपट्टी घेऊनच उभी राहिली. भराभर जमिनीवर एक मोठी होडी आखली, आणि होडीत अरुंद अरुंद पट्टे.

"मुलांनो, हे गुलामांना आणणारं जहाज! आता सगळ्यांनी या पट्ट्यांत झोपायचं, अगदी एकमेकांना चिकटून. डोळे मिटा. म्हणजे त्या लोकांना काय वाटलं असेल, ते आपल्याला कळेल."

मागच्या रांगेत कडकन आवाज झाला. लव्हिनियाने गोळी चावली होती.

अंत्यविधीवाल्यांनी जाहिरातीसाठी वाटलेले पुठ्ठ्याचे पंखे प्रत्येकाच्या हातात हलत होते, ते थांबले.

"बाई, मी नाही झोपणार," मिस आर्लेथा म्हणाली. "माझा फ्रॉक नवा आहे."

"मी झोपतो," डीकन अ‍ॅम्ब्रोज उठले. पांढरी, कडक इस्त्रीची पँट. खुर्चीला धरून एक गुडघा टेकला, मग दुसरा.

"नको, नको, सर! तुम्ही नको."

"मी का नको?"

"म्हणजे तुमचं वय..."

"माझं वय नऊ आहे, बाई."

कोणी हसलं नाही. म्हातारा पट्ट्यात आडवा झाला. त्याचे खांदे पट्ट्यात मावेनात. छताकडे बघत त्याने विचारलं, "बाई, ऑगस्टमध्ये माझ्या जागी कोण झोपणार?"

ब्रिजेटने लव्हिनियाकडे पाहिलं. लव्हिनियाने पंख्यावरची जाहिरात वाचायला घेतली. नंतर ती सांगायची, त्या गप्प बसण्यापेक्षा रोशेलच्या वेळी कळा सोसल्या त्या परवडल्या.

मग ब्रिजेट खाली बसली. पट्टी नखाने काढू लागली. निघेना. तुकडे तुकडे होऊन येत होती. डीकनांच्या भोवती गुडघ्यांवर सरकत तिने अख्खं जहाज उखडलं; चेहरा लालबुंद, पण थांबली नाही. पोस्टमनच्या मदतीने डीकनांना उठवलं, त्यांची पँट झटकली.

"चुकलं," ती म्हणाली.

"कोणाचं, बाई? आमचं?" मिस आर्लेथा.

"नाही. माझं."

हातात चिकटपट्टीचा निळा गोळा घेऊन ती खिडकीशी गेली. त्याच आठवड्यात लव्हिनियाने सगळ्यांना होडीतून नदीवर नेलं होतं, तेव्हा ही पोरगी पक्ष्यांचे फोटो काढत होती, हे लव्हिनियाने बघून ठेवलं होतं. आता ब्रिजेट त्याच नदीकडे बोट दाखवत होती.

"बाहेर काय दिसतं?"

"बगळा."

"गवत."

"माझ्या भाच्याची फुटकी बोट," पोस्टमन.

"आणि ती सरळ रेघ? पार वळणापर्यंत गेलेली? नदी अशी सरळ रेघ काढत नाही." तिने बोटाने ती रेघ हवेत ओढली. "तो बांध आहे. असे बांध या किनाऱ्यावर मैलोन्‌मैल आहेत. इथे दाट जंगल होतं, चिखल होता, साप होते. ते तोडून फावड्यांनी, हातांनी हे बांध घातले ते आफ्रिकेतून पळवून आणलेल्या माणसांनी आणि त्यांच्या पोराबाळांनी. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना भरतीच्या पाण्यावर भात कसा पिकवायचा ते येत होतं. बांधाच्या पोटातली लाकडी झडप उघडली की भरतीने चढलेलं नदीचं गोडं पाणी शेतात, ओहोटीला पुन्हा नदीत. ती विद्या त्यांची. श्रीमंत झाले मालक. ही माणसं तापाने मेली. त्यांची लेकरं तर फारच मेली."

"ते पळून का नाही गेले?" मिस आर्लेथाने बोट वर न करताच विचारलं.

"काही गेले. कुत्री सोडून पकडून आणले. काही गेले नाहीत, कारण मूल मागे राहिलं असतं."

"आणि बाई, तुमचे लोक मालक होते का?"

शिबिरातल्या बाकी मास्तरांनी माना खाली घातल्या. ब्रिजेटने हातातला निळा गोळा खिडकीत ठेवला.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी घरी कधी विचारलंच नाही. विचारीन, आणि येऊन तुम्हाला सांगेन. काहीही निघालं तरी."

डीकन अ‍ॅम्ब्रोज तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. जन्मभर त्यांनी त्या बांधावर बसून मासे धरले. बांध कोणी घातला हे त्यांना पोरवयापासून ठाऊक. पण शाळेच्या बाईंच्या तोंडून त्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं.

"एवढा मोठा," ते म्हणाले, "माझ्या माणसांनी?"

तो नऊ वर्षांचा मुलगा बोलला की म्हातारा, ते हॉलमध्ये कोणालाच कळलं नाही. एकेक करून सगळे बुटक्या खुर्च्यांवरून उठले आणि खिडकीशी जमले. रोजचीच नदी, रोजचंच गवत. पण पुन्हा खुर्चीवर जाऊन कोणी बसेना. डीकनांना लघवीलाही जावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी रोशेल आईला न्यायला आली.

"काय मग? जमलं का बाईंना?"

लव्हिनिया गाडीत बसली. बोलेना.

"मम्मा, बरं नाही का तुला?"

तिने हातानेच बांधाकडचा रस्ता दाखवला. तिथे गाडी थांबली. ओहोटी लागली होती. कुजून गेलेल्या एका झडपेच्या खिंडारातून पाणी अजूनही निमूट नदीकडे परतत होतं. इतके उन्हाळे लव्हिनियाने ही गोष्ट दुसऱ्यांना सांगितली होती. आज ती पहिल्यांदा कोणाकडून तरी ऐकून आली होती.

"पोरगी चुकली," शेवटी ती म्हणाली. "वाईट चुकली."

"बघ! मी उद्याच निओमीच्या बापाला..."

"आणि सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसून तिने निस्तरलं. निओमी कुठेही जात नाही."

रोशेलने आईकडे नीट पाहिलं आणि गाडी वळवली. निओमी राहिली, ही बातमी गावाने लगेच मानली. पण मम्मा चर्चपासून बांधापर्यंत एक शब्द बोलली नाही, हे रोशेल शपथेवर सांगते, तरी अजून कोणी खरं मानत नाही.